नऊबाईंचा कानाचा पेपर

त्या इस्पितळात कुठल्याही फोनवरून नऊ दाबलं की तळघरातल्या एका बिनखिडकीच्या खोलीत दिवा लागायचा आणि पाठोपाठ आवाज यायचा, "बोला, नऊ." सत्तावीस वर्षं तो आवाज एकाच बाईंचा होता. त्यांना स्वतःचं चांगलं नाव होतं, पण ते हजेरीपटाबाहेर कुणी वापरल्याचं ऐकिवात नाही. मोठ्या शल्यविशारदांपासून फरशी पुसणाऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या त्या नऊबाई.

खोलीत एक जुना बोर्ड, एक फिरती खुर्ची आणि भिंतीवर काचेखाली सगळ्या विभागांच्या नंबरांची यादी. यादीकडे बाईंनी शेवटचं कधी पाहिलं होतं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. कानावरच्या हेडफोनची गादी त्यांनी तीनदा स्वतःच्या हाताने शिवली होती. माणसं त्यांना चेहऱ्याने कमी आणि आवाजाने जास्त माहीत. हाडांचे डॉक्टर "हॅलो"तला "लो" लांबवायला लागले की त्यांचं ऑपरेशन लांबलंय, भूलतज्ज्ञ अतिशय गोड बोलले की कुणावर तरी चिडलेत, हे त्या न चुकता सांगत. लिफ्टमध्ये शेजारी उभे असलेले डॉक्टर मात्र त्यांना ओळखू यायचे नाहीत. कुणी तोंड उघडलं की मग "अय्या, तुम्ही होय," असं व्हायचं.

कामाला लागल्या त्या दिवशी तिथल्या थोरल्या ऑपरेटरबाईंनी त्यांना एकच गोष्ट शिकवली होती. "ऐकलं ते परत म्हणायचं. परत म्हटलं नाही तर ते ऐकलंच नाही, असं समजायचं." रक्त कुठल्या मजल्यावर पाठवायचं, कुठल्या पेशंटच्या भावाला बोलवायचं, हे एकदा कानातून आणि एकदा तोंडातून गेलं की चूक होत नाही. नऊबाईंनी तो धडा असा गिरवला की तो अंगातच भिनला. घरीसुद्धा तेच.

"येताना अर्धा किलो कांदे आण," यजमान म्हणायचे.

"अर्धा किलो कांदे."

"आणि माझा चष्मा दुरुस्तीला टाकलाय, तो."

"चष्मा दुरुस्तीचा."

"या घरात पोपट पाळायची गरज नाही," असं म्हणून ते पुन्हा वर्तमानपत्रात डोकं घालत. यजमान एका छापखान्यात प्रूफं तपासत. वर्तमानपत्रसुद्धा ते हातात पेन्सिल घेऊनच वाचायचे, आणि वाचून झालं की ते मुलांच्या निबंधाच्या वहीसारखं दिसायचं.

मग इस्पितळात नवीन यंत्र आलं. आता नऊ दाबलं की एक मंजुळ आवाज "रक्ततपासणीसाठी एक दाबा" म्हणून सुरुवात करणार होता. व्यवस्थापक साहेबांनी नऊबाईंना वर बोलावलं. साहेब माणूस वाईट नव्हता.

"बाई, तुमची सोय रेकॉर्ड विभागात करता येईल," ते म्हणाले. "शांत काम आहे. फायली लावायच्या."

त्या विभागात बाई एकदा गेल्या होत्या. तिथे दोन माणसं आठ तास बसत आणि त्यांच्यात दिवसाकाठी चार वाक्यं होत. बाईंच्या तोंडचं पाणीच पळालं.

"दुसरं काही नाही का, साहेब?"

साहेबांनी जरा विचार केला. फ्रेंच बोलणाऱ्या देशांतून हृदयाच्या ऑपरेशनसाठी पेशंट यायला लागले होते. त्यांच्या घरचे सारखे फोन करायचे आणि इथे कुणालाच काही कळायचं नाही. त्यासाठी एक नवा कक्ष उघडणार होता. इस्पितळाचा कानाकोपरा माहीत असलेलं माणूस त्यांना हवं होतं, पण फ्रेंच येणारं.

"त्याला प्रमाणपत्र लागेल हो," साहेब म्हणाले. "फ्रेंच शिकायचं, परीक्षा द्यायची, सहा महिन्यांत पास व्हायचं."

"फ्रेंच शिकायचं, परीक्षा द्यायची, सहा महिन्यांत पास व्हायचं," बाई सवयीने म्हणाल्या.

"ठरलं तर मग," साहेब खूश होऊन म्हणाले आणि त्यांनी कागदावर तसं लिहूनही टाकलं. जिना उतरून खाली येईपर्यंत आपण काय कबूल केलंय ते बाईंच्या लक्षात आलं नव्हतं. वय वर्षं बावन्न.

क्लास एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत, संध्याकाळी. विद्यार्थी चौदा. शिकवणाऱ्या मॅडम बाईंच्या लेकीच्या वयाच्या, आणि बाकीचे त्याहून लहान. पहिल्याच आठवड्यात सगळ्यांनी बाईंना काकू करून टाकलं. आणि काकू चमकल्या. मॅडम एक वाक्य बोलल्या की काकूंच्या तोंडून ते तसंच्या तसं, चढउतारासकट बाहेर यायचं. सत्त्याण्णव म्हणायला फ्रेंच माणूस चार वीस आणि सतरा म्हणतो, हे ऐकून वर्गातली पोरं हसली. काकू हसल्या नाहीत. "आपण एकोणऐंशी म्हणतो, म्हणजे ऐंशीला एक कमी," त्या म्हणाल्या. "ते बेरीज करतात, आपण वजाबाकी. हसायचं काय त्यात?"

पाचव्या महिन्यात परीक्षेचे फॉर्म आले. बोलणं आणि लिहिणं सगळ्यांना सक्तीचं होतं. आकलनाच्या पेपरासाठी मात्र दोन चौकोन होते. एक वाचण्याचा, उतारे वाचून उत्तरं लिहायची. दुसरा ऐकण्याचा, ध्वनिमुद्रण दोनदा ऐकून उत्तरं लिहायची. पंचवीसपैकी तेरा हवेत. एकाच चौकोनात खूण करायची आणि शुक्रवारपर्यंत फॉर्म द्यायचा.

"यात विचार कसला करतेस?" यजमान म्हणाले. "वाचण्याचा घे. पांढऱ्यावर काळं केलेलं कुठे पळून जात नाही. दहादा वाच. ऐकलेलं काय, आलं आणि गेलं."

"तुमचं आपलं सगळं कागदावर."

"कागद कधी उलट बोलत नाही."

"म्हणून तर आवडतो तुम्हाला," बाई म्हणाल्या.

मंगळवारी मॅडमनी दोन्ही प्रकारांची सराव परीक्षा घेतली. वाचण्याच्या पेपरात बाईंना दहा मिळाले. फ्रेंच माणूस निम्मी अक्षरं लिहितो आणि बोलताना गिळून टाकतो. त्यामुळे कानाला रोजचे असलेले शब्द कागदावर भेटले की बाईंना अनोळखी वाटायचे. लिफ्टमधल्या डॉक्टरांसारखंच ते. बाई प्रत्येक शब्द मनात उच्चारून बघायच्या, तो ओळखू येईपर्यंत ओळीची सुरुवात विसरायच्या.

मग ऐकण्याचा पेपर झाला. बाईंना एकवीस. मॅडमनी गठ्ठा उलटसुलट केला आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. मागच्या बाकावरच्या चौघांनाही एकवीसच होते, आणि पाचही जणांच्या चार चुका अगदी त्याच होत्या.

"तुम्ही चौघांनी काकूंचं बघून लिहिलंत?"

"बघून नाही, मॅडम," केस वाढवलेला एक मुलगा प्रामाणिकपणे म्हणाला. "काकू सगळं मोठ्याने म्हणत होत्या. त्यांचा आवाज रेकॉर्डिंगपेक्षा स्पष्ट आहे."

वर्ग खो खो हसला. बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या, कारण आपण बोलत होतो याचा त्यांना पत्ताच नव्हता.

मॅडम हसल्या नाहीत. वर्ग सुटल्यावर त्यांनी बाईंना थांबवून घेतलं. "काकू, मनाला लावून घेऊ नका. पण खऱ्या परीक्षेत पूर्ण शांतता लागते. पहिल्यांदा बोललात तर ताकीद देतात, दुसऱ्यांदा बोललात तर उठवतात, म्हणजे शून्य. तुम्ही वाचण्याचा घ्या. महिना आहे हातात, मी रोज जास्तीचा अर्धा तास देते. पंधरापर्यंत नक्की नेईन तुम्हाला."

मॅडम खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. पंधरा म्हणजे पास, पास म्हणजे कक्ष. दुसरीकडे शून्याची टांगती तलवार. कुणाही शहाण्या माणसाने वाचण्याच्या चौकोनात खूण केली असती.

"मी म्हणत होतोच," यजमान म्हणाले.

जेवणं झाल्यावर बाई लेकीला म्हणाल्या, "फोनवर लाव बरं ते रेकॉर्डिंग. बघू गप्प बसता येतं का."

लेक पट्टी घेऊन समोर बसली. ओठ हलले की ती टेबलावर पट्टी आपटायची. पहिल्या मिनिटात पट्टी अकरा वेळा वाजली.

"आई, ओठ हलले."

"नाही हलले."

"आत्ता बोललीस ते सोड. त्याच्या आधी."

मग बाईंनी ओठ दातांखाली धरले. पट्टी वाजायची थांबली, पण नवीनच गंमत झाली. काही म्हणजे काही डोक्यात शिरेना. तोंड बंद केलं की कानच बंद व्हायचे. आगगाडीची घोषणा होती की हवामानाचा अंदाज, तेही सांगता येईना. पंचवीसात नऊ. वाचण्यापेक्षाही एक कमी.

बुधवारी पुन्हा तेच. तोंडात रुमाल धरून झाला, हनुवटीवर हात दाबून झाला. आठ. बाईंनी फोन बाजूला ठेवला. "जाऊ दे," त्या म्हणाल्या. "सत्तावीस वर्षं ज्या कामावर निघाली ते मला येतच नाही म्हणजे."

हे त्या फार हळू म्हणाल्या. यजमान खुर्चीत वर्तमानपत्राच्या चुका काढत होते. त्यांची पेन्सिल थांबली. थोड्या वेळाने ते उठले आणि टेबलाशी आले.

"जरा सर," ते म्हणाले. मग बसून घसा खाकरला, पण बोलले नाहीत. लेक बघतच राहिली. घसा खाकरून गप्प बसणारे बाबा तिने पाहिले नव्हते.

"तुला काय वाटतं, मी दिवसभर वाचतो?" शेवटी ते म्हणाले.

"वाचतच तर असता."

"मी ऐकतो." ते टेबलाकडे बघून म्हणाले. "माझ्यासमोर एक माणूस बसतो. तो मूळ प्रत मोठ्याने वाचतो, स्वल्पविरामासकट. माझी नजर छापलेल्यावर असते, पण चूक सापडते ती कानाने. नुसत्या डोळ्याला काय, जे असायला हवं तेच दिसतं. बत्तीस वर्षं हे असं आहे."

"हे मला कधी सांगितलं नाहीत."

"प्रूफवाल्याची नजर म्हणून लोक नाव घेतात. मध्येच कान कुठे आणू?"

बाईंना हसू आलं. "मग तो वाचतो ते तुम्ही परत म्हणत नाही?"

"म्हणतो ना. पण पेन्सिलीने." त्यांनी कोरा कागद ओढला. "पहिल्या वर्षी मीही पुटपुटायचो. त्याने वाचणारा चुकायला लागला. तेव्हा आमच्या थोरल्या तपासनिसांनी सांगितलं, तोंडाचं काम हाताला दे. वाक्याचा एक तुकडा कानात आला की समासात एक रेघ. वाक्य संपलं की टिंब. आकडा आला तर आकडा, नाव आलं तर पहिलं अक्षर. हात थांबला की समजायचं, लक्ष उडालं. लाव गं ते फ्रेंच."

लेकीने लावलं. यजमानांना त्या भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण ते मान किंचित तिरकी करून बसले आणि त्यांची पेन्सिल चालायला लागली. रेघ, रेघ, टिंब. रेघ, टिंब. चेहरा इतका शांत की बाई रेकॉर्डिंग सोडून त्यांच्याकडेच बघत राहिल्या. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याला काम करताना कधी पाहिलं नव्हतं. संपल्यावर लेकीने लिखित उतारा काढून मोजलं. वाक्यं सहा, टिंबं सहा.

"एक शब्द न कळता?" लेक म्हणाली.

"शब्द कळायचं काम तुझ्या आईचं," यजमान म्हणाले आणि पेन्सिल बाईंकडे सरकवली.

त्या रात्री जमलं असं नाही. हाताला सवय नव्हती, रेघ काढावी तर ऐकू येईना आणि ऐकावं तर रेघ राहून जाई. पण गुरुवारी इस्पितळातून आल्यावर बसल्या तेव्हा पट्टी चारदा वाजली आणि चौदा मिळाले. चहा पिऊन पुन्हा बसल्या, तर पट्टी दोनदा, आणि सतरा.

"दोनदा म्हणजे परीक्षेत शून्य," लेकीने आठवण करून दिली.

"माहीत आहे."

शुक्रवारी सकाळी बाई फॉर्म घेऊन परीक्षा केंद्राच्या खिडकीशी गेल्या. रांग लहान होती. कारकुनाने फॉर्म पाहिला. "चौकोन कोराच ठेवलात. वाचण्याचा ना? सगळे तोच घेतात. मी करून टाकू खूण?"

पंधरा मार्क तिथे पिकलेल्या फळासारखे लोंबत होते, नुसतं हो म्हणायचं होतं. बाईंच्या डोळ्यांपुढे तो नवा कक्ष आला. टेबल, खुर्ची आणि फोन. रात्रभर न झोपलेली कुणाची तरी आई पलीकडून बोलत असणार. ती काही छापून पाठवणार नव्हती. वाचण्याचं प्रमाणपत्र भिंतीवर लावून तिचं ऐकायला बसायचं, हे बाईंना फसवाफसवीचं वाटलं.

"खूण मी करते," त्या म्हणाल्या, आणि ऐकण्याच्या चौकोनात त्यांनी खूण केली.

"नंतर बदलता येत नाही हं."

"नंतर बदलता येत नाही," बाई म्हणाल्या आणि फॉर्म आत सरकवला.

मॅडमना कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. पण मग त्याच जास्तीच्या अर्ध्या तासात रोज ध्वनिमुद्रणं लावायला लागल्या. घरी यजमान समोर बसत. बाईंच्या रेघा तपासत आणि "इथे हात झोपला होता," असं बरोबर बोट ठेवून सांगत. लेकीची पट्टी महिनाअखेरीस दोन-दोन दिवस वाजेनाशी झाली.

परीक्षेला वाचणारे त्रेचाळीस होते, त्यांना मोठं दालन. ऐकणारे पाच. त्यांना बाजूची छोटी खोली, प्रत्येकाला हेडफोन. बाईंनी आपला हेडफोन कानाला लावून पाहिला. गादी नवी होती, टोचत होती.

पहिला उतारा एका दवाखान्यातला निरोप होता. रेघ, रेघ, टिंब. सगळं व्यवस्थित चाललं होतं. मग निरोप देणाऱ्या बाईने फोन नंबर सांगितला आणि फोन नंबर ऐकून गप्प बसणं हे नऊबाईंच्या शक्तीबाहेरचं होतं. "चार वीस सतरा," त्यांच्या तोंडून फ्रेंचमध्ये गेलं. हळू, पण गेलं. पर्यवेक्षक उठले, सावकाश चालत आले आणि त्यांनी बाकावर एक पिवळी चिठ्ठी ठेवली. ताकीद. अजून चार उतारे बाकी होते.

बाईंचे कान गरम झाले. क्षणभर त्यांना वाटलं, उठावं आणि घरी जावं. दुसरा उतारा सुरू झालासुद्धा. त्यांनी पेन्सिल इतकी घट्ट धरली की नखं पांढरी पडली. आणि मग त्यांनी यजमानांसारखी मान किंचित तिरकी केली. एका दुकानातली दोन माणसं बोलत होती. रेघ. बाईला मोठी पिशवी हवी होती. रेघ, टिंब. मग रेल्वे स्थानक, मग शाळा, मग एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांचा हरवलेला कुत्रा. आकडे आले, ते कागदावर गेले. पर्यवेक्षक दोनदा त्यांच्या बाकापाशी येऊन थांबले, तेही बाईंना कळलं नाही.

पेपर गोळा करताना पर्यवेक्षकांनी त्यांचा कच्चा कागद उलटून पाहिला. दोन्ही बाजू रेघांनी आणि टिंबांनी भरल्या होत्या.

"हे काय आहे?"

"ऐकलेलं," बाई म्हणाल्या.

निकाल तीन आठवड्यांनी लागला. ऐकण्याच्या पेपरात बाईंना बावीस मिळाले. मॅडमच्या वर्गात कुठल्याही प्रकारात त्याहून जास्त कुणाला नव्हते. मॅडमनी बाईंचे हात हातात घेतले आणि फ्रेंचमध्ये बरंच काही बोलल्या. बाईंना ते सगळंच्या सगळं कळलं, आणि डोळे पुसायला त्यांना वळावं लागलं. केस वाढवलेला मुलगा वाचण्याच्या प्रकारात चौदावर निभावला होता. "तुमच्याशेजारी बसायला हवं होतं, काकू," तो म्हणाला.

साहेबांनी प्रमाणपत्र दोन्ही बाजूंनी पाहिलं. "ऐकण्याचा प्रकार? तो अवघड असतो म्हणतात."

"ज्याचं त्याला, साहेब."

"सोमवारपासून वर या," साहेब म्हणाले. "तिसऱ्या मजल्यावर. खिडकी आहे त्या खोलीला."

तिथेच टेबलावर फोन होता. घरी करायचा तर एक मिनिटाचं काम. सत्तावीस वर्षं बाईंनी लोकांच्या घरी जन्माच्या, बरे झाल्याच्या आणि वाईटसुद्धा बातम्या याच तारेवरून पोचवल्या होत्या. पण आज त्यांनी फोनला हात लावला नाही. पिशवी उचलली आणि चालत छापखान्यात गेल्या. तिथे त्या आधी कधीच गेल्या नव्हत्या.

यजमान आतल्या खोलीत होते. समोर एक सडपातळ गृहस्थ बसांचं वेळापत्रक मोठ्याने वाचत होते. यजमानांनी वर न बघता डावा हात उचलला, थांबा म्हणून. बाई दारात थांबल्या. सहा वाजून दहा, सहा वाजून पस्तीस, सात. पान संपलं. यजमानांनी मान वर केली आणि चष्म्यातून बघत राहिले.

"बावीस," बाई म्हणाल्या.

यजमानांनी पेन्सिल कानामागे खोचली, मग काढली, मग पुन्हा खोचली. "बाकीचं पान उद्या," ते वाचणाऱ्या गृहस्थांना म्हणाले.

"उद्या सकाळी द्यायचंय ना ते?"

"मग चहानंतर."

आणि त्यांनी बाईंना सगळा छापखाना दाखवायला घेतला. खरं म्हणजे छापखान्याला बाई दाखवायला घेतल्या. कागद कापणाऱ्याच्या हातातलं काम थांबवून ते म्हणाले, "ही आमची मंडळी. फ्रेंचची परीक्षा पास झाली. ऐकण्याच्या प्रकारात बरं का, वाचण्याच्या नव्हे." छपाईयंत्रावरच्या माणसाला आवाजामुळे ऐकू गेलं नाही, तर यंत्र बंद करायला लावून त्यालाही सांगितलं. बांधणी करणाऱ्या दोघी बायकांना सांगितलं. मालक फोनवर होते, त्यांचा फोन संपेपर्यंत उभे राहून त्यांना सांगितलं.

"अहो, पुरे," बाई लाजून म्हणाल्या.

"पुरे कसं? अजून फाटकावरचा पहारेकरी राहिलाय," यजमान म्हणाले आणि पुढे चालायला लागले.